पुंजाराम दांडगे यांचं रुसणं

पुंजाराम दांडगे यांना आयुष्यात एकदाच, पण रीतसर, रुसायचं होतं.

भाजीत मीठ कमी पडलं म्हणून माणूस रुसतो, तसलं रुसणं नव्हे. तसलं त्यांनी कधी केलं नाही, कारण घरात सारजाबाई होत्या आणि सारजाबाईंवर रुसलेला नवरा उपाशी झोपतो हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्यांना रुसायचं होतं मुलाच्या लग्नात, वरबाप म्हणून, भर मांडवात, सोयऱ्याधायऱ्यांच्या देखत. मुलीकडच्यांनी हातातली कामं टाकून धावत यायचं, हात जोडायचे, "व्याहीबुवा, काय चुकलं आमचं?" असं विचारायचं, आणि आपण मान फिरवून म्हणायचं, "काही नाही." या दोन शब्दांसाठी हा माणूस अर्धं आयुष्य थांबला होता. ज्याला हसायचं असेल त्याने हसावं. मुलीच्या बापांना मात्र हसू येणार नाही.

या विषयातला त्यांच्याइतका जाणकार मुकुंदवाडीत दुसरा नव्हता. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं मंडप आणि बिछायतीचं दुकान. त्यांच्या भाड्याच्या खुर्च्यांवर बसून किती वरबाप रुसले याची गणती नव्हती, आणि पुंजाराम कनातीआडून प्रत्येकाला परीक्षकासारखे बघत. कच्चा माणूस रागाच्या भरात पार्किंगमध्ये जाऊन बसतो. तिथं त्याला शोधणार कोण? पंगती उठतात आणि बिचारा आपणहून परत येतो. मुरलेला माणूस भटारखान्याच्या वाटेवर खुर्ची टाकतो. वाढपी, करवल्या, भटजी, सगळ्यांना त्याला वळसा घालूनच जावं लागतं. वेळ धरायची ती मुहूर्त तोंडावर आल्याची. आणि कारण जेवढं बारीक तेवढं रुसणं भारदस्त. मोठ्या कारणाला लोक तोडगा काढतात, बारीक कारणाला पायच धरावे लागतात.

हे ज्ञान त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. आधी तीन मुलींची लग्नं त्यांनी केली होती. थोरलीच्या लग्नात तिचे सासरे इंद्रजीतराव मोडका पापड वाढला म्हणून रुसले आणि एक कूलर घेऊन उठले. मधलीच्या सासऱ्यांना मानाची टोपी डोक्याला लहान झाली. ती टोपी एका अंगठीने मोठी झाली. धाकटीच्या सासऱ्यांचं कारण तर कुणाला कळलंच नाही, ते गृहस्थ आजही सांगत नाहीत, आणि मोटारसायकल मात्र चालवतात. तिन्ही वेळा पुंजाराम आपल्याच खुर्चीवर बसलेल्या माणसापुढे हात जोडून उभे राहिले. त्या वेळी आतून त्यांना काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त चौथ्या खेपेला मुलगा झाला होता, शिवराज, आणि त्याच्याकडे बघून ते मनात म्हणत, थांब बेट्या, तुझं लग्न येऊ दे.

शिवराज शिकला, संगणकाच्या नोकरीला लागला आणि वेल्स नावाच्या मुलखात कार्डिफ नावाच्या गावी जाऊन राहिला. दोन वर्षांत येतो म्हणाला होता, त्याला बरीच वर्षं झाली. एका रविवारी त्याने फोनवर सांगितलं की मेगन नावाच्या तिथल्याच मुलीशी लग्न ठरवलंय. सारजाबाईंनी पदर तोंडाला लावला. पुंजारामांनी फोन हातात घेतला आणि एकच प्रश्न विचारला.

"तिला वडील हायेत ना?"

"हायेत की नाना. आई वारली. वडील सुतारकाम करायचे, आता रिटायर झालेत."

"मग काय हरकत नाय," पुंजाराम म्हणाले. "पण लग्न इथं लावायचं. सगळं आपल्या रीतीनं."

इथं लग्न लावायच्या हट्टामागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी सारजाबाईंनाही सांगितली नव्हती. मांडव, नातलग, हळद, वरात बघून पोराचं मन पालटेल, सून बघून घेईल की इथंही माणसं राहतात, आणि दोघं इकडेच येतील, असं त्यांना वाटत होतं. वाटायला काय लागतं? दुकानाच्या वरची खोली त्यांनी रंगवूनही घेतली होती.

व्याह्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून पुंजारामांनी इंग्रजी शिकायचं ठरवलं. त्यांचे जुने दोस्त वहाबभाई. पुंजारामांचा मांडव असला की त्यात दिवे आणि जनरेटर वहाबभाईंचे, असा अनेक वर्षांचा रिवाज. त्यांची मुलगी कहकशा बोलक्या इंग्रजीचे वर्ग घेई. संध्याकाळी पोरंपोरी गेल्या की पुंजाराम पहिल्या बाकावर बसत आणि वहाबभाई सोबतीला म्हणून मागच्या बाकावर.

"चाचा, आधी घरची नाती घेऊ," कहकशा म्हणाली.

"घे. मामा?"

"अंकल."

"काका?"

"अंकल."

"आत्याचा नवरा?"

"अंकल, चाचा."

"मावशीचा?"

"तोही अंकल."

पुंजारामांनी वळून वहाबभाईंकडे बघितलं. "आणि यांच्या जनरेटरवरचा फकिरा मला काय हाक मारतो?"

"अंकल," कहकशाने मान्य केलं.

"मग या लोकांत मामाला मान कसा द्यावा? मांडवात अंकल म्हणून हाक मारली तर निम्मा मांडव उठंल की. नवरीच्या मागं उभं कोण राहायचं?"

कहकशाने तो विषय तिथेच सोडला आणि लग्नाच्या नात्यांकडे वळली. तिथे तर आणखी आनंद. बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा, नवऱ्याचा भाऊ, सगळे ब्रदर-इन-लॉ. साडूसुद्धा त्यातच बसवतात हे ऐकल्यावर पुंजारामांनी पाटी बाजूला ठेवली. साडू म्हणजे साडू. सासरी गेल्यावर आपल्याआधी पाट कुणाला मिळाला हे ज्याच्यावर नजर ठेवून बघायचं तो माणूस. त्याला आणि मेव्हण्याला एका शब्दात कोंबायचं म्हणजे बैल आणि बैलगाडी एकच म्हणण्यासारखं.

"हमारे में साडू को हमजुल्फ बोलते," मागच्या बाकावरून वहाबभाई म्हणाले. "अंग्रेज लोगां को फुरसतच नै दिसती."

"ते जाऊ द्या," पुंजाराम पुढे सरकले. "आता मुद्द्याचं सांग पोरी. मी मुलाचा बाप. तो मुलीचा बाप. इंग्रजीत मी त्याचा कोण?"

कहकशा थांबली. तिने आठवून बघितलं, मग फोनमध्ये बघितलं, मग चष्मा काढून पुसला.

"चाचा, त्याला शब्दच नाही."

"नीट बघ."

"बघितलं. ते लोक म्हणतात, माझ्या मुलाच्या बायकोचे वडील."

"ते नातं झालं का? तो तर पत्ता झाला!"

"आपल्याकडं काही लोक को-फादर-इन-लॉ म्हणतात, पण तिकडं कुणी समजणार नाही."

"को नको," पुंजाराम म्हणाले. "को म्हटलं की मला सहकारी सोसायटी दिसती. मग हाक काय मारतात एकमेकाला?"

"नावानं," कहकशा हळूच म्हणाली.

त्या दिवशी पुंजाराम घरी आले ते खचूनच. माणूस रुसायचा म्हणजे आधी तो समोरच्याचा कुणीतरी असावा लागतो. वाटेवरचा अनोळखी माणूस रुसला तर लोक त्याला वळसा घालून पुढे जातात. "सारजे, इंग्रजीत मी त्याचा कुणीच लागत नाय," ते पायातल्या चपला काढता काढता म्हणाले.

"मराठीत तरी कोण लई मोठे लागून गेलात," सारजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ताट वाढलं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात पाव्हणे आले. मुलीकडचं वऱ्हाड म्हणजे चार माणसं: मेगन, तिचे वडील डेरिक, त्यांची बहीण आणि मेगनची एक मैत्रीण. चिकलठाण्याच्या विमानतळावर पुंजाराम हार घेऊन उभे होते, मागे तिन्ही जुने व्याही. उंच, लालबुंद डेरिकराव बाहेर आले, त्यांनी हात पसरले आणि आनंदाने ओरडले, "पुंजा!"

विमानात त्यांनी अख्खं नाव पाठ केलं होतं म्हणे, उतरताना निम्मं राहिलं. पुंजा ही हाक पुंजारामांना त्यांच्या आईशिवाय कुणी मारली नव्हती, आणि आईला जाऊन जमाना झाला होता. इथे व्याह्याने ती मारली, तीन व्याह्यांच्या देखत. इंद्रजीतरावांनी भुवई वर केली. पुंजारामांना वाईट वाटलंच. पण गाडीत बसता बसता त्यांच्या ध्यानात आलं की रुसायला कारण आयतं चालून आलंय, आणि तेही मोडक्या पापडाएवढं बारीक. त्यांनी ते जपून ठेवलं.

बीड बायपासच्या एका लॉन्सवर लग्न होतं. मांडव अर्थातच पुंजारामांचा, दिवे वहाबभाईंचे. मुलीकडे माणसंच नसल्यामुळे मुलीकडची कामंसुद्धा पुंजारामांच्याच गळ्यात पडली होती. वरबापाचे पाय धुवायला मुलीच्या बापाने जे पाणी आणायचं, तेही त्यांनी स्वतःच टँकरवाल्याला सांगून मागवलं होतं. सकाळपासून धावून धावून त्यांची पायताणं झिजली. अखेर भटजींनी माइकवरून मुहूर्त जवळ आल्याचं सांगितलं, तसे पुंजाराम उठले, त्यांनी एक खुर्ची निवडली, ती भटारखान्याच्या वाटेवर बरोबर मधोमध टाकली, कनातीकडे तोंड केलं आणि रुसले.

कुणी आलं नाही.

वाढपी आला. "मालक, पत्रावळ्या कुठं ठेवल्या?"

"निळ्या टेम्पोत," पुंजाराम म्हणाले आणि पुन्हा तोंड फिरवून बसले. मग आचारी आला, त्याला गॅसची जास्तीची टाकी सांगावी लागली. मग बँडवाला आला, त्याला नवरा कोणत्या खोलीत आहे ते. मालकच रुसलाय हे या लोकांना कळायला काही मार्ग नव्हता, कारण रुसलेला मालक आतापर्यंत त्यांनी पाहिलाच नव्हता, आणि मालकालाही कामाचं उत्तर न देता राहवत नव्हतं.

सारजाबाई आल्या. "काय झालं?"

"काही नाही."

"बरं," म्हणून त्या गेल्या. ठेवणीतले दोन शब्द असे भलत्याच ठिकाणी खर्च झाले.

डेरिकराव स्वतः दोनदा तिथून गेले. पहिल्यांदा त्यांनी अंगठा वर करून दाखवला. दुसऱ्यांदा त्यांना वाटलं, या माणसाला ऊन लागलंय. त्यांनी मठ्ठ्याचा पेला आणून हातात दिला, पंखा त्याच्याकडे वळवला, आपल्या डोक्यावरची गवताची हॅट काढून प्रेमाने पुंजारामांच्या डोक्यावर ठेवली आणि शीळ घालत निघून गेले. टोपी घालून मान देण्याचा विधी त्या भल्या माणसाने नकळत उरकून टाकला होता.

तेवढ्यात इंद्रजीतराव पाहणीला आले. या क्षेत्रातले ते वडीलधारे. "पाव्हणं, खुर्ची जरा तिरपी घ्या, समोरून फक्त गाल दिसला पाहिजे," त्यांनी सुचवलं. "आणि ती हॅट काढा बरं. हॅट घातलेला माणूस सहलीला आल्यासारखा दिसतो."

हॅट काढली. तरी कुणी आलं नाही. पुंजाराम चोरून घड्याळ बघायला लागले. मुहूर्त हुकला तर पोराचं लग्न बिघडायचं, आणि आपणहून उठलं तर उरलेल्या जन्मात इंद्रजीतरावांना तोंड दाखवता यायचं नाही. त्यांनी जनरेटरजवळ उभ्या असलेल्या वहाबभाईंकडे अशा नजरेने बघितलं की त्या माणसाने वायर तशीच सोडली.

"क्या हुआ?"

"रुसलोय ना."

"कबसे?"

"लई वेळ झाला, वहाबभाई."

वहाबभाई कपाळावर हात मारून पळाले आणि कहकशाला घेऊन आले. कहकशाने डेरिकरावांना गाठलं आणि पुंजारामांच्या कानावर पडेल इतक्या अंतरावर समजावलं की नवऱ्या मुलाचे वडील नाराज आहेत.

"कुणावर?" डेरिकरावांनी विचारलं.

"तुमच्यावर."

डेरिकराव घाबरले. धावत आले, वाकले, आणि काय झालं म्हणून विचारलं. कहकशाने भाषांतर केलं. पुंजारामांनी गाल तिरपा ठेवून, आवाजात सगळा जन्म ओतून सांगितलं, "काही नाही."

कहकशाने तेही भाषांतर केलं. "बरं झालं बाई," डेरिकराव म्हणाले, त्यांनी सुस्कारा सोडला आणि ते चालू लागले. कहकशाला त्यांची बाही धरून त्यांना परत आणावं लागलं. काही नाही म्हणजे काही नाही असं नसतं, असं तिने सांगितल्यावर मात्र त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हे मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "माझंही लग्न झालं होतं."

मग त्यांनी रीत समजून घेतली. सुतार माणूस, एकदा माप घेतलं की चुकायचा नाही. तीनदा विनवायचं, पहिल्या दोनदा समोरचा नाही म्हणणार, तिसऱ्यांदा मागणं सांगणार, ते मान्य करायचं, मग मिठी. कसं म्हणायचं तेही त्यांनी घोकलं. तोवर मांडवातली माणसं भटारखान्याकडे सरकली होती. मुलं खुर्च्यांवर चढली, जावयांनी फोन वर केले. डेरिकराव पुढे आले, त्यांनी हात जोडले आणि वेल्समधल्या जिभेने म्हणाले, "व्याहीबुवा, काय चुकलं आमचं?"

पुंजारामांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आयुष्यभर ज्या हाकेसाठी कान तहानले होते ती अशी सातासमुद्रापलीकडून आली. त्यांनी मान हलवली. नाही.

डेरिकराव दुसऱ्यांदा विनवणार, तोच ते थबकले आणि त्यांनी कहकशाला काहीतरी विचारलं. "हो," कहकशा म्हणाली. "दोघांनाही तोच शब्द. ते तुमचे व्याही, तुम्ही त्यांचे व्याही."

डेरिकरावांनी हनुवटी खाजवली. मग बाजूची एक खुर्ची उचलली, हलते का ते तपासलं, पुंजारामांच्या शेजारी टाकली, दुसऱ्या बाजूला तोंड केलं आणि तेही रुसले.

जावयांनी वर केलेले फोन खाली घेतले. वहाबभाईंचा जनरेटर तेवढा धडधडत होता. "हे काय नवीन?" इंद्रजीतराव भडकले. "मुलीच्या बापाला रुसायची परवानगी कधीपासून मिळाली? उद्या घोडा रुसंल, आचारी रुसंल!" त्यांनी कहकशाला कारण विचारायला लावलं. डेरिकरावांनी गाल तिरपा केला आणि स्वच्छ मराठीत उत्तर दिलं, "काही नाही."

भटजी माइकवरून विनवायला लागले, की वरपिता आणि वधूपिता यांनी असतील तिथून बोहल्याजवळ यावं. दोघांपैकी एकही हलेना. पुंजारामांचा जीव जळत होता. उभ्या जन्मात एकदाच मिळालेलं रुसणं, त्यातही हा माणूस वाटेकरी होऊन बसला. ते त्याच्या पाठमोऱ्या खांद्याकडे रागाने बघत राहिले. आणि बघता बघता घोटाळा झाला. रुसून बसलेला व्याही पुढे दिसला की काय करायचं, हे तीन लग्नांत त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की त्यांना कळायच्या आत ते खुर्चीवरून उठले होते आणि त्यांचे हात जोडले गेले होते.

"व्याहीबुवा," त्यांच्या तोंडून निघालं, "पोरांचा मुहूर्त चाललाय. काय चुकलं ते पदरात घ्या."

थोरली लेक गर्दीत उभी होती. बापाला तसं उभं बघून ती हसता हसता गप्प झाली.

डेरिकरावांनी मान हलवली. पुंजारामांनी पुन्हा विनवलं. पुन्हा नाही. शागीर्द पक्का तयार झाला होता. तिसऱ्यांदा पुंजारामांनी विचारलं, "मग मागणं काय हाय तुमचं? सांगा. आजवर कुण्या व्याह्याला मी नाही म्हटलं नाय."

कहकशाने ते सांगितलं. डेरिकरावांनी खुर्ची पुंजारामांकडे वळवली. मग मान खाली घालून, हातातला मठ्ठ्याचा रिकामा पेला फिरवत ते हळूहळू बोलायला लागले, आणि या खेपेला त्यांचा गाल तिरपा नव्हता. त्यांचं बोलणं संपलं तरी कहकशा तशीच उभी राहिली.

"सांग की," पुंजाराम म्हणाले.

"चाचा, ते म्हणतात, त्यांची बायको गेली तेव्हापासून शिवराज दर रविवारी त्यांच्याकडं जेवायला येतो. एक रविवार चुकवला नाही त्यानं. पोरीला काम असलं तर तो एकटा येतो. दोघं मिळून स्वयंपाक करतात." तिने डेरिकरावांकडे बघितलं. "इथलं हे सगळं बघून, एवढी माणसं बघून, त्यांना भीती वाटायला लागलीय. आता तुम्ही मुलाला परत बोलवून घ्याल. तर तेवढं करू नका म्हणतात. दुसरं काही नको."

रविवारी शिवराजचा फोन येई. घाईघाईचा. नाना, जेवलात का, आई कुठंय, बरं ठेवतो. ही घाई कसली असते ते पुंजारामांना आज कळलं. ते रंगवलेल्या खोलीबद्दल काही बोलले नाहीत. कूलर मागितला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. मोटारसायकल मागितली असती तरी चाललं असतं. आपण वरबाप नव्हतोच, आपण चौथ्यांदाही देणाऱ्याच्याच जागेवर उभे आहोत, हे त्यांना लख्ख दिसलं.

मुंडावळ्या बांधलेला शिवराज बोहल्यावरून धावत आला होता. "नाना, काय चाललंय तुमचं दोघांचं? भटजी वरडूलेत तिकडं."

पुंजारामांनी त्याचा हात धरला. तो हात त्यांनी डेरिकरावांच्या हातात दिला आणि वरून आपले दोन्ही हात ठेवले. मुलाच्या बापाने असं करायची रीत नाही. इंद्रजीतराव काही म्हणायला गेले, तर सारजाबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते हातातल्या फोनमध्ये बघायला लागले.

"दिला," पुंजाराम म्हणाले. "आता हा तुमचा. स्वभावाला गरीब हाय, फक्त दुखलंखुपलं तोंडानं सांगत नाय. ताप आला तरी कामाला जातो. तेवढं ध्यान ठेवा."

कहकशाने एकेक शब्द नीट सांगितला. डेरिकरावांनी मान डोलावली.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "जानेवारीत तो असाच पडला होता. आठवडाभर मी त्याच्या उशाशी होतो. आई म्हणून मलाच हाका मारायचा."

जानेवारीतला ताप पुंजारामांना माहीत नव्हता. सारजाबाईंनाही नव्हता. शिवराज खाली बघत होता.

"व्हय का," पुंजाराम म्हणाले. "मग लई बरं झालं, तुम्ही होतात."